एक सांगून जा

गोडाऊनमधून सुटताना बायकांची तपासणी पडद्याआड होते. पुरुषांची उघड्यावर, रांगेत. आमच्यासाठी गेटच्या बाजूला प्लायवूडच्या तीन भिंती उभ्या केल्या आहेत आणि चौथ्या बाजूला लूमच्या कोऱ्या कापडाचा पडदा आहे. एका वेळी एकच बाई आत जाते, हात पसरून उभी राहते. गार्ड बाई खांद्यापासून पायापर्यंत हात फिरवून बघते, मग वाजणारं दांडकं अंगावरून फिरवते आणि जा म्हणते. आतला माल कोणी लपवून नेऊ नये म्हणून हे असतं.

भिवंडीजवळ वडप्याच्या या गोडाऊनमध्ये कामाला लागले तेव्हा मला कामाची भीती नव्हती, त्या पडद्याची होती. मी लहानपणापासून बुजरी. पौर्णिमेला विहारात सगळ्याजणी वंदना म्हणतात तेव्हाही माझे फक्त ओठ हलतात. परक्या बाईने अंगाला हात लावायचा, हे ऐकूनच नोकरी नको म्हणावंसं वाटलं होतं.

पहिल्या दिवशी आत गेले तर ती स्टुलावर बसून ओला पंचा मानेवर टाकत होती. साठीच्या आसपासची, रुंद हाडाची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. उठली, माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, आणि हात तिथेच राहिले. पुढे सरकेनात.

"किती वर धरलेस गं खांदे! कानाला लागतील. सोड खाली."

मी सोडले.

"अजून सोड."

अजून सोडले. तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की मी ते वर धरलेत.

"हां. आता एक सांगून जा."

"काय सांगू?"

"आज काय टोचलं ते सांग. इथून जड अंगानं घरी जायचं न्हाय."

मी म्हटलं, पाय दुखतात. ती म्हणाली, "दुखणारच. उभ्याचं काम हाय. जा." आणि पाठीत एक थाप मारली, म्हशीला मारतात तशी. बसमध्ये जाऊन बसले तर मला रडू यायला लागलं. घरात कोणी वाईट नाही. पण माझ्या अंगाला कोणी मायेने हात लावून किती वर्षं झाली, ते त्या दिवशी माझं मलाच आठवावं लागलं.

आम्ही सगळ्या तिला काकी म्हणायचो. दिघाशी गावाहून यायची. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीने दिलेली पँट तिला पसंत नव्हती. घालायची, पण वरून कमरेला पंचा गुंडाळायची. म्हणायची, "उघडं उघडं वाटतं." टोपी खिळ्याला टांगलेली असायची. गोडाऊनचे साहेब येताना दिसले की ती टोपी डोक्यावर चढायची, आणि काकीचा अंबाडा एवढा मोठा की टोपी त्याच्यावर तरंगत राहायची.

एक सांगून जायचं हा तिचा नियम सगळ्यांना होता. कुणाला दोन गोष्टी सांगायची हुक्की आली की अडवायची. "एकच! मागं रांग हाय. दुसरं उद्याला ठेव." कोणी रडायला लागली तर पिशवीतून काकडी काढून हातात द्यायची. काकडीचे दिवस नसले तर वालाच्या शेंगा, नाहीतर नुसता गुळाचा खडा. "हे खा आधी. चावताना रडता येत न्हाय, बघ करून." आणि खरंच यायचं नाही. तोंडात काकडी घेऊन हुंदका देता येत नाही. त्या बाईला स्वतःचंच हसू यायचं.

'काही नाही' म्हटलेलं तिला चालायचं नाही. "काय न्हाय म्हणणारीच सगळ्यात जड असते," म्हणायची. पण खोदून विचारायची नाही. खांद्यांवर हात दाबून धरायची आणि सोडायची.

बाहेर रांगेत आरडाओरडा चालायचा. कोन गावची सुरेखा सगळ्यात तिखट. "ओ काकी, तपासताय का लग्न जमवताय? बस सुटंल आमची!" काकीचा आतून काही जबाब यायचा नाही. आम्हाला वाटायचं, काय बाई आहे, कुणाच्या बोलण्याने हलत नाही.

तिची उत्तरंही तिच्यासारखीच. एकदा सुरेखाने सांगितलं की जाऊ न विचारता भरलेला गॅस घेऊन गेली आणि वर सुरेखाच्या नवऱ्याकडे तिचीच तक्रार केली. काकीने सगळं ऐकून घेतलं, मान डोलवली आणि म्हणाली, "ताक पी." सुरेखा बसमध्ये दहा वेळा तेच सांगत होती, "ताक पी म्हणाली. काय अर्थ असंल गं?" मग तीच म्हणाली, डोकं थंड ठेव असं म्हणायचं असणार. आठ दिवस रोज ताक प्यायली आणि जावेशी भांडली नाही. तेव्हापासून काकीचा शब्द म्हणजे आमच्यात फार मोठा झाला.

बोलताना ती आपल्या तोंडाकडे बघायची. डोळ्यांत नाही, तोंडाकडे. पापणी न हलवता. एवढं लक्ष देऊन माझ्याकडे कोणी कधी बघितलं नव्हतं. आवाज तिचा मोठा. कुजबुजणं तिला जमायचंच नाही. पण भिवंडीत त्याचं कोणाला काही वाटत नाही. इथे अर्धी माणसं लूमच्या खडखडाटात वाढलेली, सगळी मोठ्यानेच बोलतात.

आता माझं सांगते.

मी चौथी शिकलेली. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती, पुढची लांब. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. त्यामुळे मराठी मी बरी वाचते, लिहितेही, पण इंग्रजी अक्षर म्हणजे मला नक्षी. नोकरीचा फॉर्म कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने भरला. "शिक्षण? दहावी टाकतो," म्हणाला. मी मान हलवली. माझा नवरा ज्या लूमवर होता ती बंद पडली होती. तो कधी हमालीला जायचा, कधी घरात भिंतीकडे तोंड करून पडायचा. घर माझ्या ड्युटीवर चाललं होतं. म्हणून मान हलवली.

पॅकिंगला दहावीची गरज पडत नव्हती. स्कॅनर मारायचा, टुक वाजलं की पिशवीत भरायचं. पण पुढे, हात चांगला आहे म्हणून मला रिटर्नच्या टेबलावर बसवलं. गिऱ्हाइकाने परत पाठवलेला माल तिथे येतो. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी, आणि का परत केला ते चिठ्ठीवर इंग्रजीत छापलेलं. ते वाचून माल तीन खोक्यांत टाकायचा. चांगला असेल तो पुन्हा विक्रीला, थोडा बिघडलेला दुरुस्तीला, कामातून गेलेला भंगारात. शेजारी शबाना बसायची. लूमवाल्यांच्या वस्तीतली, बारावी झालेली, नुकतं लग्न झालेलं. टेबलाचा नंबर तिच्या नावावर होता. दोघींचं काम तिच्याच नावावर चढायचं.

मी वाचत नव्हते, ओळखत होते. एक शब्द आखूड, त्यात वीज पडल्यासारखं वाकडं अक्षर. ते म्हणजे माप चुकलं. एक लांब, त्याच्या पहिल्या अक्षराला उजवीकडे पोट. ते म्हणजे खराब. शबाना काय कुठे टाकते ते चोरून बघत मी अशा सात-आठ नक्ष्या पाठ केल्या आणि त्यावर तीन महिने काढले. मग एक दिवस चिठ्ठ्या छापायचं मशीन बदललं आणि सगळी अक्षरं बारकी आली. इंग्रजीत मोठी अक्षरं वेगळी दिसतात आणि बारकी वेगळी, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या पोटवाल्या अक्षराचं पोट डावीकडे गेलं. बाकीची तर ओळखूच येईनात.

शबानाला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. ती तशी चांगली होती. पण विचारलं की दहावी खोटी, हे बाहेर येणार. मी विचारलं नाही. अंदाजाने टाकत राहिले. लांब शब्द दिसला की भंगारात.

ते आठ दिवस मी पडद्याआड रोज 'काही नाही' म्हणाले. काकी रोज खांदे दाबायची. "दगड झालेत," एवढंच म्हणायची. नवव्या दिवशी तिचे हात खांद्यांवर आले आणि माझा धीर सुटला. मी पुढे वाकून तिच्या छातीवर डोकं टेकवलं आणि तिच्या शर्टातच सगळं बोलले. चौथी, फॉर्म, चिठ्ठ्या, भंगार. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू येत होता. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. माझं झाल्यावर माझं तोंड वर केलं, पंच्याने पुसलं आणि म्हणाली, "होईल होईल. खांद्याला तेल लाव. कोमट करून लाव."

त्या दिवशी मी हलकी होऊन घरी गेले. जेवले. नवऱ्याशी चार शब्द बोलले. आठ दिवसांनी झोप लागली. मनात एकच होतं, कोणालातरी माहीत आहे. आता ते माझ्या एकटीकडे नाही.

दुसऱ्या दिवशी वाटलं, काकी काहीतरी बोलेल, काही मार्ग काढेल. ती काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. "तेल लावलंस का?" एवढंच.

मग ते किल्ल्यांचं झालं. माझ्या कमरेला घराच्या किल्ल्या खोचलेल्या राहिल्या होत्या. काकीने दांडकं फिरवलं आणि ते कमरेपाशी एवढ्या जोरात वाजलं की बाहेर रांगेतली एक म्हणाली, "वाजलं गं कुणाचंतरी." काकी म्हणाली, "जा."

मी तशीच उभी. ती पंचा घ्यायला मागे वळली होती. मी तिच्या पाठीला म्हटलं, "काकी, वाजलं." ती वळली नाही. मी परत म्हटलं. नाही वळली. मग मी दांडक्याकडे बघितलं. त्याच्यावर एक लाल दिवा आहे, वाजलं की लागतो. तो दिवा जळून गेला होता, लागतच नव्हता.

काकी वळली आणि मला तिथेच उभी बघून तिचं तोंड उतरलं. मी कमरेच्या किल्ल्या काढून दाखवल्या. तिने माझं मनगट पकडलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तोंडाकडे ते बघणं, ते ताक, ते तेल. मी माझा सगळा जीव जिच्या शर्टात ओतला होता तिला त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नव्हतं. तोंड तर मी तिच्या छातीत खुपसलं होतं, ओठही दिसले नव्हते.

पण झोप मला लागली होती. ती खोटी कशी म्हणू?

तिने बोटांनी कान दाखवले आणि तिच्या परीने अगदी हळू सांगायला लागली. तिचं हळू म्हणजे आमचं मोठ्याने. लूमवर कांडी भरायला वीस वर्षं होती. धाग्याच्या त्या नळ्या भरणारं मशीन कानाशी. आधी डावा गेला, मग उजवा. एजन्सीला कळलं तर काढतील. घरात सुनेलासुद्धा नीट सांगितलेलं नाही, तिला वाटतं म्हातारी मुद्दाम ऐकत नाही. "कुणाला सांगू नको," म्हणाली आणि तिचे खांदे वर गेले, कानांपर्यंत.

मी काय केलं ते आज आठवलं तरी मला नवल वाटतं. मी तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. मान वर केली, ओठ तिला दिसतील असे धरले आणि म्हटलं, "खाली सोडा. एक सांगून जा म्हणता ना तुम्ही? मग तुम्ही पण सांगा."

तिचा हुंदका एकदम फुटला आणि त्याच्याबरोबर शब्द. "मला ऐकाया येत न्हाय गं! काय बी ऐकाया येत न्हाय!"

ते तिच्या मानाने हळू नव्हतंच. पडद्याबाहेर पंधरा-वीस बायका उभ्या होत्या. हायवेवरचे ट्रकच तेवढे ऐकू येत होते.

मग सुरेखा म्हणाली, "म्हणजे मी आठ दिवस ताक कशासाठी ढोसलं?"

कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळ्याच हसल्या. सुरेखा पडदा सारून आत आली, काकीसमोर उभी राहिली आणि तोंड वासून एकेक शब्द वेगळा बोलली, "काकी! मी! गॅसचं! बोलत! होते!"

काकी म्हणाली, "मला वाटलं पोटात जळजळतंय. तू पोटावर हात ठेवून बोलत होतीस."

सगळ्या मात्र हसल्या नाहीत. एकीचं तान्हं मूल गेलं होतं, तिने ते फक्त पडद्याआडच सांगितलेलं. ती चार दिवस काकीशी बोलली नाही. म्हणाली, मी दगडापुढे बोलले. पाचव्या दिवशी काकीने तिला आतच थांबवून घेतलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "परत सांग. आता बघून ऐकते." बस त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा सुटली आणि सुरेखानेच ड्रायव्हरला थोपवून धरलं.

त्यानंतर आमच्यात ठरलं, तेही कोणी ठरवलं असं नाही, झालं. दांडकं वाजलं की जिच्या अंगावर वाजलं तिने स्वतःच हात वर करायचा. चोराने स्वतः हात वर करावा असली तपासणी दुसरीकडे कुठे नसेल. एकीने एकदा हात वर केला नाही. रांगेतून सुरेखाचा आवाज आला, "ए, हात! तुझंच वाजलंय, माझे कान शाबूत आहेत." तिच्या पर्समध्ये नेलकटर निघालं. पुढे दिव्याचं आम्ही एजन्सीच्या माणसाला सांगितलं, लागत नाही म्हणून, आणि नवीन दांडकं आलं. तरी हात वर करायची सवय राहिली.

काकीचं असं मोकळं झालं, पण माझं तसंच होतं. तिला कळलेलंच नव्हतं, आणि पुन्हा सांगायचं तर आता तोंड वर करून, मोठ्याने सांगावं लागणार होतं. पडद्याला कान असतात हे तर दिसलंच होतं. मी पुन्हा 'पाय दुखतात'वर आले.

मग एका शनिवारी शबाना जेवायच्या सुट्टीत डबा न उघडता बसलेली दिसली. म्हणाली, "साहब ने सोमवार को बुलाया है. बोले, अच्छा माल भंगार में गया है, मेरे नंबर से. अरे, मैंने तो सब देख के डाला था. निकाल देंगे मेरे को." ती माझ्याकडे बघत होती, पण संशयाने नाही. तिच्या मनातही आलं नव्हतं. कारण तिच्या लेखी मी दहावी पास.

मी माझा डबा बंद केला. बोलले तर माझं काम जाणार, घर बसणार. नाही बोलले तर हिचं जाणार. चार वाजेपर्यंत मी किती पिशव्या कुठे टाकल्या मला माहीत नाही.

सुटल्यावर रांगेत शबाना माझ्या मागेच होती. मी आत गेले. काकीने खांद्यांवर हात ठेवले आणि नुसती बघत राहिली. माझ्या तोंडाकडे.

मी हळूच म्हटलं. तिने मान हलवली, नाही कळलं. मी पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, "ओठ झाकू नको. हात काढ तोंडावरचा."

मी हात काढला. आणि जन्मात पहिल्यांदा ओरडले.

"मी चौथी शिकले! मला इंग्रजी येत नाही! तो माल मी टाकला भंगारात, शबानाने नाही!"

माझे कान तापले. बाहेरच्या सगळ्या रांगेने ते ऐकलं होतं. मला वाटलं आता जमीन फाटावी. काकी मात्र शांत होती. तिने विचारलं, "चौथी?"

मी चार बोटं दाखवली.

"बरं. मग?" ती म्हणाली. "मी शाळेची पायरी चढलेली न्हाय."

पडद्याच्या पलीकडून कोणाचातरी आवाज आला, "मी दुसरी!" थोडं थांबून दुसरा आला, "मी पण चौथीच. माझ्या पण फॉर्मवर दहावी टाकलीय." मग आणखी एक, "त्या मेल्याने सगळ्यांचीच दहावी टाकलीय वाटतं!" सुरेखा म्हणाली, "माझी सातवी आहे. मला वाटत होतं मीच एकटी चोर." एवढे महिने आम्ही एका बसमधून येत होतो, एका टेबलावर जेवत होतो आणि जी ती आपापली दहावी जिवापाड लपवून बसली होती.

शबाना पडदा सारून आत आली. मला वाटलं मारते आता. ती रागावलेली होतीच. "पूछ लेती मेरे से! दो मिनट का काम था!" म्हणाली. मग माझा हात धरला. "सोमवार को साथ चलेगी?"

सोमवारी आम्ही साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मी, शबाना, आणि सुरेखा, जिचा काही संबंध नव्हता. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, दुसरं निघेना. सुरेखाने कोपर मारलं तेव्हा निघालं. साहेब म्हणाले, "फॉर्मवर दहावी आहे." मी म्हटलं, फॉर्म मी भरला नाही, पण मान मी हलवली. ते टेबलावर पेन आपटत राहिले.

तेवढ्यात दार उघडलं आणि काकी आत आली. डोक्यावर टोपी, कमरेला पंचा, हातात दांडकं. तिला कोणी बोलावलं नव्हतं. साहेबांपुढे उभं राहायचं म्हणजे साहेब काहीतरी विचारणार, आणि विचारलं की पकडली जाणार, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी आली.

साहेब कागदात बघत म्हणाले, "गेट सोडून तुम्ही इथे कशा?"

त्यांची मान खाली होती. तिला ओठ दिसले नाहीत. काकी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "चौथी झालेली हाय, साहेब. हाताची चांगली हाय."

साहेबांनी वर बघितलं. "मी विचारतोय, गेटवर कोण आहे?"

पण बोलता बोलता ते पुन्हा खाली वळले होते. काकी म्हणाली, "घाबरट हाय. पण काम चोख हाय. काढू नका तिला."

सुरेखा घाईघाईने पुढे झाली. "साहेब, गेटवर दुसरी गार्ड आहे, काकी तेच म्हणतायत." साहेबांनी सुरेखाकडे बघितलं, मग काकीकडे, मग तिच्या टोपीकडे. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता दोघी जाणार, ती आणि मी, एकाच दिवशी.

ते कागदावर काहीतरी लिहायला लागले. लिहून झाल्यावर मान वर केली आणि एकेक शब्द सावकाश बोलले. शबानाला म्हणाले, टेबलावर जा. मला म्हणाले, उद्यापासून परत पॅकिंगला, आणि फॉर्म नवीन भरून आण, या वेळेला खरा. काकीला त्यांनी नुसती हाताने दाराकडे खूण केली.

मी अजून पॅकिंगलाच आहे. काकीने यंदा गुडघ्यांमुळे काम सोडलं. पडद्याआड आता दुसरी मुलगी असते, ती झटकन सोडते, बस वेळेवर सुटते. बसमध्ये मात्र आता एक नवीनच चाल पडलीय. सुरेखा सीटवर मागे वळून बसते आणि एकेकीला विचारते. कोणी 'काही नाही' म्हटलं की बाकीच्या तिला सोडत नाहीत. मी अजूनही बेताचंच बोलते, पण बोलते.

त्या दिवशी केबिनच्या बाहेर आलो तेव्हा काकीला धाप लागली होती. तिने टोपी काढून काखेत मारली. साहेब शेवटी सावकाश बोलले होते, तरी त्यातलं किती तिने ओठांवरून पकडलं तिलाच ठाऊक. जिना उतरताना ती मधल्या पायरीवर थांबली, मला आपल्यासमोर वळवून उभं केलं आणि विचारलं, "काय म्हणाला गं? ठेवलं का?"

मी केस कानामागे सारले, तोंड उजेडाकडे केलं आणि तिला सांगितलं.